मदत हवी आहे: ११-१२ वर्षांची मुलं पळतात छान, पण थांबता येत नाही (बास्केटबॉल, सोलापूर)

शाळेचं सिमेंटचं कोर्ट, १४ मुलं-मुली, आठवड्यातून तीन सकाळी, सहा ते सव्वासात. पास घेऊन थांबताना दोन पावलं पुढं जातात, ट्रॅव्हलिंग (चेंडू हातात धरून जास्त पावलं टाकल्याचा फाऊल) होतं. मुलींचे गुडघे आत वळतात. शिडीचे ड्रिल (जमिनीवर अंथरलेल्या शिडीच्या चौकोनांत भराभर पाय टाकणं) दोन महिने झाले, फरक शून्य. सामान: कोन, दोऱ्या, सात नंबरचे चेंडू.

प्रतिसाद १
ताई, शिडीनं पाय भराभर हलतात, मुलं अंगाचा वेग कमी करायला शिकत नाहीत. ठरलेल्या चौकोनात पाय टाकायचा, समोर कुणी नाही, मग ब्रेक लागणार कधी? (फोटो मात्र झकास येतात.)

मुलं ताठ राहून थांबतात, वजन पुढं झुकतं, तिथंच घोळ आहे. आधी व्हरांड्याच्या २०-२५ सेंमी पायरीवरून दोन्ही पायांवर उतरवा. चवडा आधी, कंबर मागं, गुडघा पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत, तीन मोजेपर्यंत पुतळा. ५ उड्या, ३ फेऱ्या. 'धप्प' आवाज आला की समजा, गुडघे वाकले नाहीत. मग चालत जम्प स्टॉप (छोटी उडी घेऊन दोन्ही पायांवर एकदम थांबणं), मग जॉग, मग पाऊण वेग. शेवटची दोन-तीन पावलं आखूड आणि कंबर खाली. उडी उंच नको, जमिनीलगत. हे बसल्यावरच चेंडू. हवेत पास झेलून दोन्ही पाय एकदम टेकले तर कुठलाही पाय पिव्हट (जमिनीवर रोवून ज्याच्याभोवती वळायचं तो पाय) होतो. एकामागून एक टेकले तर पहिलाच.

प्रतिसाद २
वरच्याशी सहमत. पण आठवडाभरानं 'थांब' ओरडणं बंद करा. समोरच्या मुलाला हात वर करायला लावा, हात दिसला की थांबायचं. मॅचमध्ये 'थांब' ओरडून कोण सांगतं?

सात नंबरचा चेंडू या वयाला जड, सुमारे ६०० ग्रॅम. पाच नंबरचा ५०० च्या आसपास. जड चेंडू झेलताना खांदे पुढं ओढले जातात.

आणि आधी कोर्ट झाडून घ्या. आपल्याकडची धूळ सिमेंटवर बसली की बूट घसरतात, मग पोरं भीतीनं ताठच उतरतात.

धागाकर्ती
पाच नंबरचे दोनच मिळतील. एका मुलीला गुडघ्याच्या वाटीखाली दुखतं, तिला उड्या चालतील?

प्रतिसाद १
दोन चेंडू पुरतील, बाकीच्यांचा बिनचेंडूचा सराव चालू ठेवा. तिच्या उड्या आजपासून बंद, हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. वाढत्या वयात मांडीचा स्नायू तिथल्या हाडाला ओढतो, अंगावर काढू नका. दुखत नसेल तर तोवर उभ्यानं पास आणि पिव्हट.