शाकुहाचीचा 'रो' टिकत नाही, काय करू?

कोथरूडकर: सहा वर्षं बासरी वाजवतोय, आता शाकुहाची, म्हणजे जपानी उभी बांबूची बासरी घेतलीय, १.८ शाकू (जपानी लांबीचं माप) वाली. पण सगळी भोकं बंद करून खालचा 'रो' वाजवला की दोन सेकंदात नुसती हवा येते आणि डोकं गरगरतं. पुण्यात शिकवणारं कोणी सापडेना. होनक्योकू, म्हणजे शाकुहाचीच्या जुन्या पारंपरिक रचना, वाजवायची फार मनापासून इच्छा आहे हो.

वेळूबन: बासरीची फुंक विसरा आधी. इथे वरचं तोंड हनुवटीने झाकायचं आणि समोरच्या धारेवर अगदी बारीक हवा सोडायची, ओठांची फट तांदळाच्या दाण्याएवढी. रोज दहा मिनिटं फक्त रो, दुसरं काही नाही. चक्कर आली की थांबा, जोर लावू नका. होनक्योकू म्हणजे जुन्या जपानी झेन बौद्ध फुके पंथाच्या कोमुसो भिक्षूंची साधना, त्यांच्यासाठी श्वास हाच मुख्य, तेव्हा घाई कसली?

सिंहगडरोड: पाचच भोकं, पुढे चार मागे एक, त्यामुळे मूळ स्वर सा ग॒ म प नि॒, म्हणजे आपला धानी रागच की! मधले स्वर अर्धी भोकं झाकून आणि मान खाली घालून काढायचे, त्याला मेरी म्हणतात, आणि आपल्याला मींडची (एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड सरकत जायची) सवय असल्याने ते लवकर जमतं. मी सकाळी पु. ल. देशपांडे उद्यानात बसून करतो, या रविवारी या, एकत्र बसू. आणि हो, एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत बांबू तडकतो, वाजवून झालं की आतून पुसून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा.

कोथरूडकर: धानीचं डोक्यातच आलं नव्हतं! रविवारी नक्की येतो.