डेंग्यूनंतर वेणी निम्मी झाली, काय करू?

जाळीतुंबली: वय ३४. ऑगस्टमध्ये डेंग्यू झाला, ताप १०३ च्या वर. दिवाळीनंतर न्हाणीघराची जाळी रोज तुंबायला लागली. टक्कल कुठे नाही, पण वेणी निम्मी! सासूबाई माक्याचं तेल म्हणतात, मैत्रीण बायोटिन (जीवनसत्त्वाच्या गोळ्या), पार्लरवाली साडेतीन हजारांचा 'स्पा'. कुणाचं ऐकू?

सदाफुली: पार्लरवालीचं सोडून कुणाचंही.

चाळिशीतला: माझ्या डोक्यात रुपयाएवढी गुळगुळीत चकती पडली होती. चाई! कुणीतरी सांगितलं म्हणून कांदा चोळला, कातडी भाजून निघाली. शेवटी डॉक्टरांनी चकतीतच इंजेक्शनं दिली, मग केस आले, आधी पांढरे. तुमचं वेगळं दिसतंय, तरी चकती आहे का पाहा.

ओपीडीतली: त्वचेचे पेशंट बघते, म्हणून लिहिते. हिशोब चोख बसतोय. मोठ्या तापात वाढीतले बरेच केस एकदम विश्रांतीत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी एकत्र गळतात. बाळंतपणानंतर होतं तेच. याला टेलोजन एफ्लुवियम म्हणतात. मुळं शाबूत असतात, गळती बहुधा सहा महिन्यांत आपोआप थांबते. पण केस वाढतो महिन्याला जेमतेम १ सेंमी, तेव्हा वेणी भरायला वर्ष-दीड वर्ष धरा. भांग रुंदावलाय का? पाळीत अंगावरून जास्त जातं का?

जाळीतुंबली: जुन्या फोटोशी ताडून पाहिलं, भांग तेवढाच. चकती नाही. अंगावरून मात्र खूप जातं, सहा-सात दिवस.

ओपीडीतली: मग रक्तातलं हिमोग्लोबिन, फेरिटिन (लोहाचा साठा) आणि टीएसएच (थायरॉइड) तपासून घ्या. हिमोग्लोबिन बरं असूनही लोहाचा साठा रिकामा असू शकतो. बायोटिन घेत असाल तर दोन-तीन दिवस आधी थांबवा, थायरॉइडचा रिपोर्ट फसवा येतो. मिनॉक्सिडिल हे डोक्याला लावायचं औषध भांग रुंदावणाऱ्या केसगळतीवरचं. तुम्हाला आत्ता नको. तेल खुशाल लावा, सासूबाईही खूश. पण पाळीचं स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवाच, नुसत्या लोहाच्या गोळ्यांनी भोकाच्या बादलीत पाणी ओतल्यासारखं होईल.

जाळीतुंबली: रिपोर्ट आला. टीएसएच ठीक, हिमोग्लोबिन ११.८, फेरिटिन अवघं ९. लोहाच्या गोळ्या सुरू. आणि गोळीच्या आगेमागे चहा नाही म्हणे!

सदाफुली: केस गेले ते गेले, आता चहाही?