'गजनी'ला मराठीत काय म्हणायचं?

खाडीकाठ: उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या अघनाशिनी नदीच्या मुखाकडच्या शेतीवरचा एक कन्नड लेख मराठीत करतेय. त्यात पानोपानी 'गजनी' येतं. कुमठा तालुक्यात खाडीच्या कडेला बांध घालून भरतीचं पाणी अडवतात, आत भात लावतात, ती जमीन म्हणजे गजनी. मी सरळ 'खाजण' लिहिलं. रत्नागिरीच्या आत्याने मसुदा वाचला नि म्हणाली, "खाजणात भात कुठला गं? खाजण म्हणजे कांदळाचं रान आणि गुडघाभर चिखल." तिथेच अडले.

मांडवीपार: ताई, खाजणच ठेवा. गोव्यात खाजण म्हणजे बांद घातलेली शेतजमीनच. पाणी आतबाहेर करायला बांदात मानस, म्हणजे दार असतं, भात कोरगूट. तुमच्या गजनीत नि यात काडीचा फरक नाही.

जुनी वही: फरक नाही कसा? अलिबाग-पेणकडे या जमिनीला आम्ही 'खार' म्हणतो. खारपाडा, खारघर ही गावांची नावं बघा. भात राता, आणि मानशीला आम्ही उघाडी म्हणतो. सरकारने त्याचं 'खारभूमी' केलं. घरचा शब्द असताना कानडी कशाला आणायचा?

काळीतीर: घरचा कुणाच्या? माझं आजोळ कारवारचं, मोठा मामा कुमठ्याला. तिथे कोकणी बोलणारेही गजनीच म्हणतात. तिथल्या भाताचं नाव कग्ग. लांब कुसळाचं, तांबड्या दाण्याचं. पावसाने मातीतलं मीठ धुतलं की मोड आलेलं बी फेकायचं. खत नाही, औषध नाही. कापणीला बायका कमरेभर पाण्यात उभ्या राहून नुसत्या लोंब्या खुडतात, पेंढा पाण्यातच राहतो. तो कुजला की त्यावर कोळंबी नि मासे पोसतात. भात निघाला की पाणी आत घ्यायचं, मग मासळी. आता बऱ्याच गजन्यांत भात गेला, फक्त कोळंबी उरली. 'खारभूमी' म्हटलं की हे सगळं फायलीत जाऊन बसतं.

जुनी वही: वर्णन सुंदर आहे, पण शब्दाचं बोला. मला तर 'खाजण' आणि 'गजनी' एकच वाटतात. 'ख'चा 'ग' झाला, 'ण'चा 'न'. खाजण तरी आलं कुठून? 'क्षार'वरूनच.

मांडवीपार: क्षारावरून 'खार' आलं हे मान्य. पण 'जण'चं काय करणार? आणि ओठांवर फिरता फिरता अक्षरं बदलली, एवढ्यावर व्युत्पत्ती ठरत नाही. जुन्या कागदात एक तरी मधलं रूप दाखवा.

काळीतीर: जुन्या कागदांवरून आठवलं. आजी 'उत्तर कन्नड' कधीच म्हणाली नाही, 'कानडा जिल्हा' म्हणायची. आम्ही तिला सुधारायचो. नंतर कळलं, चूक आमचीच. हा जिल्हा 1862 मध्ये मद्रास इलाख्यातून मुंबईत आला, 1956 मध्ये म्हैसूर राज्यात गेला, आणि 'उत्तर कन्नड' हे नाव 1977 चं. तिच्या शाळेत कानडाच होता.

जुनी वही: म्हणजे नव्वदावर वर्षं हा मुलूख मुंबई सरकारात होता. 1930 मध्ये अंकोल्याला मीठ उचललं तेही मुंबई इलाख्यातच. मग तिथल्या जमिनीला आपला शब्द लावला तर बिघडलं काय?

काळीतीर: काका, सरकार मुंबईचं होतं, बांध कुमठ्याच्या माणसांनी घातले. अघनाशिनीच्या काठी सानीकट्ट्याला मिठागरं आहेत, त्यांना मीठागरच म्हणा, माझी ना नाही. शब्द जुळतो तिथे जुळवावा. गजनी जुळत नाही.

खाडीकाठ: आत्याचा प्रश्न मात्र बाजूलाच राहिला! तिचं खाजण चुकीचं नाही, माझ्या रत्नागिरीच्या वाचकाला तेच दिसणार. म्हणून सध्या 'गजनी' ठेवलंय, पहिल्यांदा येतं तिथे एका वाक्यात अर्थ दिलाय. आता पुढचा परिच्छेद अडलाय. बांधातल्या त्या दाराला काय म्हणू? उघाडी की मानस?

जुनी वही: उघाडी. शब्दातच काम दिसतं.

मांडवीपार: मानस. शेजारच्या गोव्यातला आहे, अलिबागहून जवळचा.

खाडीकाठ: काळीतीर, तुमच्या मामांकडे काय म्हणत?

काळीतीर: दाराचं नाव कुणी घेतलेलं आठवत नाही. लाकडी फळ्या एकावर एक सरकवायच्या असत, भरती लागली की मामी अंगणातून हाक मारायची, "फळ्यो घालात रे!"