मे महिन्यात श्रीलंकेत गॉलला जावं का? सोबत आई आणि सहा वर्षांची लेक

शिंपलेवाली:
नमस्कार मंडळी, गॉलचा किल्ला आणि आजूबाजूचे बीच असा चार-पाच दिवसांचा प्लॅन करतेय. लेकीच्या शाळेला सुट्टी मेमध्येच म्हणून मेचा शेवटचा आठवडा धरलाय, तिकिटं अजून काढली नाहीयेत. आईचे गुडघे दुखतात, फार चढउतार जमत नाही, आणि ती पूर्ण शाकाहारी आहे. लेकीला फक्त पाण्यात डुंबायचंय, बाकी काही नको. किल्ल्यात राहावं की बीचवर? आणि तिकडे आईच्या जेवणाचं कसं जमेल? कोणी जाऊन आलं असेल तर सविस्तर सांगा प्लीज.

दर्यावर्दी_७:
ताई, आधी महिना बदला, बाकीचं नंतर बघू. मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात नैऋत्य मान्सून तिकडे आपल्या आधी पोचतो आणि गॉल बरोब्बर त्याच बाजूला आहे. पाऊस अधूनमधून उघडतो पण समुद्र खवळलेलाच असतो, मोठ्या लाटा आणि आत ओढणारा प्रवाह. सहा वर्षांच्या मुलीला त्यात अजिबात उतरवू नका. आम्ही जूनमध्ये गेलो होतो, किल्ला मनसोक्त बघितला पण पाण्यात पाय सुद्धा घातला नाही, पोरं चार दिवस हिरमुसलेली होती. डिसेंबर ते मार्च हा तिथला खरा सीझन, नाताळच्या सुट्टीत बसवता आलं तर बघा.

खडूफळा:
+१. आता किल्ल्याबद्दल, कारण लोक दोन तासांत फोटो काढून निघून जातात आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. पोर्तुगीजांकडून डचांनी १६४० मध्ये गॉल घेतलं आणि आजची तटबंदी बहुतेक त्यांचीच. जुन्या दरवाजाला आतल्या बाजूने डच कंपनीचं चिन्ह आणि १६६९ साल कोरलंय, बाहेरून ब्रिटिशांचं राजचिन्ह, म्हणजे एकाच दरवाजात दोन राजवटी. १७५५ च्या डच चर्चमध्ये जमिनीवर थडग्यांचे दगड बसवलेत, त्यावरूनच चालावं लागतं. दीपगृहासमोरची मशीद तर लांबून चर्चच वाटते. आणि हे सगळं रिकामं म्युझियम नाहीये, आत अजून कुटुंबं राहतात, शाळा सुटली की गल्ल्या पोरांनी भरून जातात.

२००४ च्या त्सुनामीत बाहेरचं बसस्टँड आणि क्रिकेटचं स्टेडियम उद्ध्वस्त झालं, पण तटाच्या आतलं गाव बरंचसं वाचलं. तटावर उभं राहून एका बाजूला स्टेडियम आणि दुसऱ्या बाजूला समुद्र बघितला की हे समजतं, मला तिथे गलबलून आलं होतं.

म्हणून निदान दोन रात्री आतच राहा. सकाळी सहाला आणि सूर्यास्ताला तटावर फिरा, दुपारी नको, सावली नाही. आतले रस्ते सपाट आहेत, आईंना त्रास होणार नाही, तटावर मात्र बऱ्याच ठिकाणी कठडा नाहीये, लेकीचा हात सोडू नका.

मीठभाकर:
मी थोडी वेगळी सांगते. लहान मूल असेल तर मुक्काम उनावटुनाला करा, किल्ल्यापासून पाच-सहा किमी, टुकटुकने पटकन होतं. खाडीसारखा आडोसा आहे त्यामुळे सीझनला पाणी शांत. पुढे दलावेलाला खडकांमुळे उथळ तळं झालंय, माझा मुलगा तासन्‌तास बाहेरच येत नव्हता, कासवं पण दिसली. जवळच रुमस्सलाची टेकडी आहे, हनुमान संजीवनीचा डोंगर नेताना त्याचा एक तुकडा इथे पडला असं तिथले लोक सांगतात, आईंना हे नक्की आवडेल, रिक्षा वरपर्यंत जाते.

जेवणाचं मात्र नीट ऐका. भात, डाळ, भाज्या सगळीकडे मिळतात, नारळाच्या दुधातली डाळ तर फारच छान. पण पोल सांबोल म्हणजे ओल्या नारळाची जी चटणी असते त्यात बऱ्याचदा सुक्या माशाचा चुरा असतो, भाज्यांत पण कधीकधी घालतात, दिसत अजिबात नाही. तिथे त्याला उंबलकड म्हणतात. "उंबलकड नको" असं प्रत्येक वेळी स्पष्ट सांगा, नुसतं व्हेज म्हणून भागत नाही.

दर्यावर्दी_७:
आणि कोलंबोहून ट्रेननेच जा, साधारण अडीच तास. जाताना उजव्या हाताची खिडकी पकडा, रूळ समुद्राला अगदी चिकटून जातात.

शिंपलेवाली:
सगळ्यांचे खूप आभार! उंबलकडचं माहीतच नव्हतं, आईने तीन दिवस मजेत खाल्लं असतं आणि मग कळल्यावर काय झालं असतं देव जाणे. नाताळला नवऱ्याला रजा मिळणं अवघड दिसतंय. मेच पक्का राहिला तर दुसरा काही पर्याय आहे का?

खडूफळा:
आहे ना, त्रिंकोमाली. पूर्व किनारा, तिकडे मे ते सप्टेंबर समुद्र शांत. ते पण जुनं बंदर, जगातल्या उत्तम नैसर्गिक बंदरांपैकी एक, किल्ल्याच्या आत समुद्रावर सुटलेल्या कड्यावर कोणेश्वराचं देऊळ आहे, आणि निलावेली, उप्पुवेलीचे बीच लांबलचक आणि उथळ. फक्त कोलंबोहून गाडीने सहा तास तरी धरा, आईंसाठी वाटेत एक मुक्काम करा. गॉलची तटबंदी मग एखाद्या नाताळसाठी राखून ठेवा.

शिंपलेवाली:
आईला कोणेश्वराचं सांगितलं, ती म्हणतेय मेच पक्का कर. आता वाटेतला मुक्काम कुठे करावा ते सुचवा, दांबुल्लाची लेणी बघितलीत का कोणी?