सवाईला जाण्याआधी काय ऐकावं

पहिल्यांदाच डिसेंबरात पुण्याला सवाईला, म्हणजे शास्त्रीय संगीताच्या सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवाला, चालला आहात आणि आधी काय ऐकू असं विचारलंय. बहुतेक जण यंदाच्या कलाकारांच्या नव्या मैफली सुचवतील. त्या ऐकाच, पण मी थोडं मागून सुरुवात करेन.

आधी अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटी रागातली ‘पिया बिन नाही आवत चैन’. जेमतेम तीन मिनिटांची ध्वनिमुद्रिका, पण किराणा घराण्याचा सूर म्हणजे काय ते तिथे कळतं. सवाई गंधर्व त्यांचेच शिष्य. आपल्या या गुरूच्या, सवाई गंधर्वांच्या, स्मरणार्थ भीमसेन जोशींनी हा महोत्सव १९५३ मध्ये सुरू केला.

मग भीमसेनजींचा राग पूरिया कल्याण, ‘आज सो बना’. हा मात्र हेडफोन लावून, दुसरं काही न करता ऐका. नुसत्या पूरिया रागात पंचम, म्हणजे ‘प’, नसतो. इथे पूरिया कल्याणात मात्र कोमल रिषभाची, म्हणजे उतरलेल्या ‘रे’ची, हुरहूर चालू असताना पंचम येतो आणि एकदम उजाडल्यासारखं वाटतं. ती जागा दोन-तीनदा मागे घेऊन ऐका. पुढे मंडपात कुणीही हा राग गायला तरी तुमचा कान त्या पंचमाची वाट बघेल.

किशोरीताई आमोणकरांचा राग भूप, ‘सहेला रे’, हवाच. पाचच स्वर, आणि तरी मन भरत नाही.

आणि सवाई गंधर्वांची भैरवी, ‘बिन देखे पडे नहीं चैन’, आधी नक्की ऐकून जा. महोत्सवाची सांगता त्याच ध्वनिमुद्रिकेने करण्याची प्रथा आहे. तोवर घाईने पार्किंगकडे निघू नका, शेवटपर्यंत बसा.