पाडण्याआधी रुळांकडे बघा

दणके बसतात आणि अर्ध्यातच वेग मरतो, म्हणून जुना लाकडी रोलर कोस्टर पाडून टाकावा, असं काही जण म्हणतात; ते मला पटत नाही. सांगाडा बहुतेकदा दुरुस्त करता येतो. खरा त्रास रुळांचा. लाकडी रूळ म्हणजे एकावर एक बसवलेल्या फळ्या आणि वर पोलादी पट्टी. उताराच्या तळाशी आणि वळणांवर सगळ्यात जास्त भार येतो. तिथे फळ्या दबतात, जोड सैल होतात, गाडी आदळू लागते. मग ब्रेक वाढवतात आणि उरलीसुरली मजाही जाते.

अमेरिकेत सीडर पॉइंट या मनोरंजन उद्यानात 'मीन स्ट्रीक' या लाकडी रोलर कोस्टरच्या (१९९१) सांगाड्याचा बराच भाग वापरून पोलादी रूळ बसवले आणि २०१८ मध्ये 'स्टील व्हेंजन्स' सुरू झाला. अप्रतिम काम! पण लाकडाची ती थरथर मला हवी आहे. त्यामुळे भाराच्या जागीच पोलादी रूळ घाला, बाकी लाकूड नवं बसवा. वळणांवर रुळांचा आतल्या बाजूचा कल वाढवा, मधला ब्रेक फक्त सुरक्षेपुरता ठेवा.

आणि गाड्याही बदला. लांब डबे वळणावर घासतात. एकेका बाकाचे, एकमेकांना जोडलेले छोटे डबे तेच वळण सहज घेतात.