मदत हवी आहे: कॅम्पर व्हॅनची बॅटरी रोज रात्रीत उतरते, पहाटे फ्रीज बंद (सातारा)

शाहूपुरीची:
कुणीतरी प्लीज लवकर सांगा. आमच्या व्हॅनची बॅटरी रोज रात्रीत उतरतेय, पहाटे फ्रीज बंद पडलेला असतो आणि सेल्फ मारला की नुसतं टक टक. गेल्या महिन्यात मागची बॅटरी नवीन टाकली तरी तेच. पंप सुरू केला की मागचे दिवे मंद होतात. इथे दोघांना दाखवली, एक म्हणाला डायनमो गेला, दुसऱ्याने डायनमो उतरवून बेंचवर लावला आणि ओके आहे म्हणून परत बसवला, दोघांचेही पैसे झाले. ज्यांनी गाडी कन्व्हर्ट करून दिली ते आता फोन उचलत नाहीत. शुक्रवारी पहाटे निघायचंय, आज मंगळवार. नेमकं काय बदलू?

मिरज_वायरमन:
गाडी कोणती, साल कोणतं, बॅटऱ्या किती, फ्रीज १२ व्होल्टचा की इन्व्हर्टरवर? यातलं काहीच लिहिलं नाही. आणि आत्ताच काही बदलू नका.

सोलरप्रेमी:
भावा वर १०० वॅटचं एक पॅनेल टाक, विषय संपला. माझ्या गाडीवर ३ वर्षं आहे, बॅटरीकडं बघावंच लागत नाही.

मिरज_वायरमन:
पॅनेल रात्री काय करणार? कडक उन्हात ५-६ अँपिअर देईल, पण गळती आधी सापडायला नको का?

सोलरप्रेमी:
दिवसा पूर्ण भरली तर रात्री का उतरेल, एवढंच म्हणणं आहे.

शाहूपुरीची:
भावा नाही, ताई. टेम्पो ट्रॅव्हलर, २००४, डिझेल. पुढे गाडीची बॅटरी, मागे बेडखाली इन्व्हर्टरची १०० एएच ट्युब्युलर. फ्रीज १२ व्होल्टवरच आहे, ४५ वॅट. इन्व्हर्टर आहे पण तो सध्या बंदच. फ्रीज लागतो कारण बाबांचं इन्सुलिन त्यात असतं, यावेळी १० दिवस बाहेर आहोत. रविवारी बामणोलीला एक रात्र मुक्काम करून बघितला, पहाटे ४ ला फ्रीज बंद होता आणि गाडी ढकलून चालू केली. आईबाबा धुक्यात उभे राहून ढकलत होते, परत तसं करायचं नाही मला.

कराडचे_अण्णा:
ताई, मी मॅटॅडोर चालवली १४ वर्षं. त्या काळी आम्ही गाडी कायम उतारावर तोंड करून लावायचो, सेल्फचं तोंड बघायचं कामच नाही. साधं डिझेल इंजिन, एकदा फिरलं की बॅटरीवाचून चालतं. तुमच्याकडं यवतेश्वर घाट आहेच.

शाहूपुरीची:
अण्णा गाडी चालू होईल हो, पण फ्रीजचं काय.

कृष्णाकाठ:
इन्सुलिनबद्दल सांगते, घरात २ पेशंट आहेत. न उघडलेल्या बाटल्या २ ते ८ डिग्रीत लागतात, पण उघडलेली बाटली बहुतेक वेळा २५-३० डिग्रीच्या आत साधारण ४ आठवडे बाहेर चालते, तुमच्या ब्रँडचं डॉक्टरांना विचारून घ्या. छोट्या मडक्यात पाणी, त्यात डबा. म्हणजे एका रात्रीनं लगेच काही बिघडत नाही. गाडीतलं मला कळत नाही.

आरसी_बघा:
बेड, फ्रीज टाकलाय म्हणजे गाडीत बदल झाला, आरसीवर नोंद आहे का? मोटर वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ वाचा. एमएच ११ पासिंग असेल तर आरटीओत जाऊन आधी ते करा, उद्या अपघात झाला तर क्लेम अडकेल.

शाहूपुरीची:
नोंद झालेली आहे. प्लीज बॅटरीचं बोला.

मिरज_वायरमन:
ताई, २०० रुपयांचा साधा मीटर आणा आणि हे ३ आकडे द्या. सकाळी काहीही चालू न करता पुढच्या आणि मागच्या बॅटरीवर व्होल्ट किती. इंजिन चालू असताना दोन्हीवर किती. आणि इंजिन, फ्रीज, दिवे चालू ठेवून मागच्या बॅटरीच्या मायनसपासून गाडीच्या उघड्या लोखंडापर्यंत किती. मीटर डीसी व्होल्टवरच ठेवा.

घाटमाथा:
डॅशबोर्डवरचा बॅटरीचा लाल दिवा चावी फिरवल्यावर पेटतो का ते पण बघा. जुन्या गाड्यांत त्या बल्बमधूनच डायनमोला सुरुवातीचा करंट जातो. बल्ब उडाला की डायनमो चांगला असून चार्ज करत नाही, आणि बेंचवर मात्र ओके दाखवतो. माझ्या जीपमध्ये हेच झालं होतं, तुमचंही १०० टक्के हेच.

मिरज_वायरमन:
मुद्दा बरोबर, पण आकडे बघितल्याशिवाय १०० टक्के म्हणू नका राव.

शाहूपुरीची:
(बुधवार सकाळ) लाल दिवा पेटतो आणि इंजिन लागलं की विझतो. सकाळी पुढे ११.७, मागे पण ११.७. इंजिनवर पुढे १४.१, मागे १२.९. मायनस ते लोखंड ०.९.

घाटमाथा:
मग बल्ब नाही. पुढे १४.१ म्हणजे डायनमो पण ठणठणीत.

सोलरप्रेमी:
११.७ म्हणजे बॅटऱ्याच गेल्या.

मिरज_वायरमन:
गेल्या नाहीत, उपाशी आहेत. भरलेली बॅटरी उभ्या गाडीत १२.६ च्या पुढे दाखवते, १२.२ म्हणजे निम्मी, ११.७ म्हणजे तळ. आता बघा, २ वेगळ्या बॅटऱ्या, एक सेल्फची, एक फ्रीजची, आणि दोन्हीवर सकाळी हुबेहूब एकच आकडा कसा? इंजिन बंद असताना त्या एकमेकींपासून तुटलेल्या पाहिजेत. मधला रिले, म्हणजे दोन्ही बॅटऱ्या जोडणारा-तोडणारा आपोआप चालणारा स्विच, चिकटलाय. फ्रीज रात्रभर दोन्ही खातो, म्हणून सेल्फ पण मरतो. दुसरं दुखणं अर्थचं, म्हणजे मायनस वायर बॉडीला जोडलेल्या जागेचं. पुढून मागं येताना १.२ व्होल्ट गळतात, त्यातले ०.९ एकट्या अर्थवर, म्हणून मागची बॅटरी कधी भरतच नाही. मागची मायनस वायर बॉडीला कुठं बसवलीय ते शोधा. आणि रिलेची ट्रिगर वायर, म्हणजे त्याला चालू करणारी बारीक वायर, चावीवर आहे का तेही बघा. हात घालायच्या आधी दोन्ही बॅटऱ्यांचे मायनस काढा.

कराडचे_अण्णा:
गणपतीपुळ्याला का कुठं निघालाय? कुंभार्ली घाटातून जाणार का?

शाहूपुरीची:
हो गणपतीपुळे. पाटण, कोयनानगर, चिपळूण.

आरसी_बघा:
आंबा घाटानं जा, रस्ता बरा.

कराडचे_अण्णा:
साताऱ्याहून आंबा घाट कशाला, उगाच कोल्हापूरकडं वळसा?

घाटमाथा:
घाटाचं नंतर. ताई, ट्युब्युलर बॅटरी बेडखाली आहे म्हणालात. चार्ज होताना त्यातून हायड्रोजन निघतो. बंद डब्यात ठेवून वर झोपू नका, डब्याला गाडीबाहेर नळी काढा. आणि मागच्या प्लसपासून वीतभर अंतरात फ्यूज आहे का? नसेल तर वायर घासून शॉर्ट झाली की सरळ आग.

शाहूपुरीची:
(बुधवार रात्र) सापडलं. गादी उचलून मागच्या डाव्या चाकावरचा प्लाय काढला. बोल्ट नुसत्या बोटांनी फिरला. थिंबलखाली (वायरच्या टोकाच्या कडीखाली) गाडीचा पांढरा रंग जसाच्या तसा, घासलाच नव्हता, कडेनं हिरवट पूड आणि वायर हाताला कोमट लागत होती. वायर घरातल्या बोर्डाला असते तसली २.५ ची. रिले ३० अँपिअरचा, दोन्ही जाड वायरी सोडवून मीटर लावला तर चावी काढलेली असून बीप वाजतो, म्हणजे आत चिकटलेलाच. ट्रिगर चावीवरच आहे. प्लसला फ्यूज नाही. हे सगळं प्लायखाली झाकून आम्हाला गाडी दिली, आईबाबा त्यावर झोपत होते, रडूच आलं मला.

मिरज_वायरमन:
म्हणूनच चिकटला. चावी फिरवली की रिले लागतो, मग सेल्फ मागच्या बॅटरीतून पण करंट ओढतो, तोही त्या ३० अँपिअरच्या रिलेतून. सेल्फला शेकड्यांत अँपिअर लागतात. नवा रिले १०० अँपिअरचा घ्या आणि ट्रिगर डायनमोच्या चार्ज दिव्याच्या वायरवरून, म्हणजे इंजिन लागून चार्ज सुरू झाल्यावरच तो लागेल. प्लस आणि अर्थ दोन्ही १६ चौरस एमएमची बारीक तारांची केबल, प्लसला दोन्ही बॅटऱ्यांजवळ फ्यूज. लोखंड पॉलिश पेपरनं चकचकीत करा, थिंबल दाबून बसवा, वरून ग्रीस.

सोलरप्रेमी:
हे झाल्यावर पॅनेलचा विचार करा ताई, १० दिवस एका जागी थांबलात तर उपयोगच होईल.

शाहूपुरीची:
(गुरुवार सकाळ) रिले आणि केबल दुपारी मिळणार. तोपर्यंत अर्थ साफ करून घट्ट केला, मायनस ते लोखंड आता ०.०६. पंप लावला, दिवे हलले नाहीत. जुना रिले काढून टाकला, मागची बॅटरी रात्रभर घरच्या चार्जरवर भरली, पुढची अजून १२.१ वर आहे, ती शेजारच्या काकांच्या चार्जरवर लावलीय. डब्याची नळी बाबा स्वतः बसवतायत.

मिरज_वायरमन:
केबल टाकली की इंजिनवर मागचा आकडा द्या. १३.८ च्या खाली असेल तर निघू नका, रात्री कितीही वाजता लिहा, मी जागा आहे.

शाहूपुरीची:
(गुरुवार रात्री ९.४०) १३.९.